ओपेथ : जड आवाजातील करुणा आणि कोठीतील श्रोता

हैदराबादेत 'कोठी' म्हटले की जुन्या पुस्तकांचे पदपथावर रचलेले ढीग आणि गुजराती गल्लीतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने डोळ्यांपुढे येतात. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या ज्या भव्य वास्तूमुळे या भागाला हे नाव पडले, तिथे १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले. जवळच उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे, सुलतान बाजार आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरेही आहेत. तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड, गुजराती अशा अनेक बोली या परिसरात एकाच वेळी कानांवर पडतात. विद्यार्थी, पुस्तके आणि ध्वनिसामग्री यांची अशी सरमिसळ जिथे असते, तिथे जे शोधायला जावे त्यापेक्षा वेगळेच काही हाती लागते. एखादा अनोळखी आवाज ऐकणाऱ्याच्या आयुष्यात शिरतो तो बहुधा अशाच वाटेने.

आंतरजालावर गाणी सहज मिळू लागण्यापूर्वी भारतातील महाविद्यालयीन तरुणांपर्यंत परदेशी 'मेटल' संगीत पोहोचले ते हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींमधून, नकलून घेतलेल्या सीडींमधून आणि १९९३ मध्ये अलाहाबादेत सुरू झालेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'सारख्या नियतकालिकातून. त्या वाटेने आलेल्या आणि इथल्या श्रोत्यांच्या मनात घर केलेल्या वाद्यवृंदांत स्वीडनच्या 'ओपेथ'चे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याचे संगीत प्रथम ऐकणाऱ्याला भीती वाटते, दुसऱ्यांदा कुतूहल वाटते आणि पुढे कधीतरी, अवचित, गलबलून येते. जडपणा आणि करुणा या दोन गोष्टी त्यात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

वाद्यवृंदाची घडण

ओपेथची सुरुवात स्टॉकहोममध्ये झाली. डेव्हिड इसबर्ग या गायकाने उभ्या केलेल्या या गटात १९९० मध्ये मिकाएल ओकरफेल्ट हा किशोरवयीन वादक आला. इसबर्ग लवकरच बाहेर पडला आणि ओकरफेल्ट गायक, गिटारवादक व प्रमुख रचनाकार झाला. 'ओपेथ' हे नाव विल्बर स्मिथ यांच्या 'द सनबर्ड' या १९७२ च्या कादंबरीतील 'ओपेट' या काल्पनिक नगरावरून घेतलेले आहे.

'ऑर्किड' हा पहिला अल्बम १९९५ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'मॉर्निंगराइज'मध्ये अवघी ५ गाणी होती आणि त्यांतील एक २० मिनिटांहून अधिक लांबीचे होते. १९९८ च्या 'माय आर्म्स, युवर हर्स'मध्ये एका मृतात्म्याची कथा सलगपणे गुंफलेली आहे आणि प्रत्येक गाण्याचे शेवटचे शब्द हेच पुढच्या गाण्याचे शीर्षक होतात. १९९९ च्या 'स्टिल लाइफ'चा नायक गावाने हद्दपार केलेला असतो. अनेक वर्षांनी तो आपल्या प्रेयसीसाठी परत येतो आणि ते परतणेच दोघांच्या विनाशाला कारण होते. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाची कथा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

२००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' हा या प्रवासातील निर्णायक टप्पा होय. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला आणि 'पॉर्क्युपाइन ट्री' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे स्टीव्हन विल्सन त्याचे निर्माते होते. विल्सन यांच्या सहभागाने सुट्या गिटारीचे नाद, पियानो आणि सुरेल गायन यांना ठसठशीत जागा मिळाली. त्या काळात गिटारवर पेटर लिंडग्रेन, तर बेस व ड्रमवर मार्टिन मेंडेझ आणि मार्टिन लोपेझ हे उरुग्वेशी नाते असलेले दोन वादक होते. लोपेझ यांच्या ड्रमवादनातील लवचीक ताल हे ओपेथचे एक ओळखीचे लक्षण ठरले.

जडपणा कशाने येतो

या संगीताला 'जड' म्हणतात ते केवळ ते मोठ्याने वाजते म्हणून नव्हे. विजेच्या गिटारीचा संदेश ध्वनिवर्धकाच्या मर्यादेपलीकडे ढकलला की ध्वनिलहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वराभोवती पुष्कळसे नवे उपस्वर निर्माण होतात. यालाच 'डिस्टॉर्शन' म्हणतात. अशा आवाजात गांधारासह पूर्ण स्वरसंघात वाजवला तर उपस्वरांची गर्दी होऊन तो गढूळ होतो. मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच वाजवले तर मात्र नाद भरदार आणि स्थिर राहतो. मेटल संगीताचा पाया असलेला 'पॉवर कॉर्ड' म्हणजे हीच षड्ज-पंचमाची जोडी. तानपुऱ्याच्या तारांवर वाढलेल्या कानांना त्या भिंतीसारख्या आवाजाखाली आपला ओळखीचा आधारस्वर सापडू शकतो. ओपेथची खुबी अशी की, हा गट तेवढ्यावर थांबत नाही. गांधार कोमल असलेले आणि त्याहूनही गुंतागुंतीचे संघात वापरून तो त्या भिंतीत उदासीचा ओलावा आणतो.

गायनाचे दोन प्रकार हे दुसरे वैशिष्ट्य. एक असतो खर्जातला, गुरगुरणारा आवाज, ज्याला 'ग्राउल' म्हणतात. घशातील खऱ्या स्वरपटलांच्या वर असलेली कूट स्वरपटले त्यात कंप पावतात. साधना नसेल तर या आवाजाने घसा दुखावतो. दुसरा आवाज स्वच्छ, मृदू, जवळजवळ कानात कुजबुजल्यासारखा. ओकरफेल्ट हे दोन्ही आवाज स्वतःच काढतात. एकाच माणसाच्या आत चाललेला संताप आणि शरणागती यांचा संवाद श्रोत्याला ऐकू येतो तो यामुळे.

तिसरी गोष्ट म्हणजे रचनेची लांबी. दहा-दहा मिनिटांच्या या गाण्यांत मुखडा-अंतरा असा साचा क्वचितच आढळतो. एक कल्पना मांडली जाते, तिचा विस्तार होतो, ती मध्येच सोडून दिली जाते आणि निराळ्याच रूपात परत येते. विलंबित ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा संथपणा खटकत नाही. दोन्हीकडे श्रोत्याकडून मागितली जाते ती उसंत. तेवढा वेळ दिला नाही तर ख्याल कंटाळवाणा वाटतो आणि ओपेथ निव्वळ गोंगाट.

एका शोकाचे दोन चेहरे

करुणा या संगीताच्या गाभ्याशी कशी आहे हे पाहायचे तर २००२ चा 'डिलिव्हरन्स' आणि २००३ चा 'डॅम्नेशन' हे अल्बम एकत्र ऐकावेत. दोन्हींचे काम एकाच काळात हाती घेतले गेले. पहिल्यात वाद्यवृंदाचे सगळे उग्रपण एकवटले आहे. दुसऱ्यात ग्राउल अजिबात नाही. तिथे मंद गिटार आहे आणि मेलोट्रॉन या जुन्या कळफलकवाद्याचा धुक्यासारखा नाद आहे. ध्वनिमुद्रणाच्या त्या काळात ओकरफेल्ट यांची आजी मोटार अपघातात मरण पावली. 'डिलिव्हरन्स' तिला अर्पण केलेला आहे.

घरातले माणूस गेल्यावर दुःख दोन रूपांनी येते हे आपल्याकडच्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. पहिल्या दिवसांतला आकांत घराबाहेर ऐकू जातो. महिनाभराने रिकाम्या खुर्चीकडे पाहताना जे येते ते कुणालाच ऐकू जात नाही. हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की त्या दोन अवस्था शेजारी शेजारी उभ्या असल्यासारख्या वाटतात. 'डॅम्नेशन'च्या हळव्या गाण्यांनी पाझरणाऱ्या श्रोत्याला मग 'डिलिव्हरन्स'मधला कल्लोळही रडण्याचाच एक प्रकार म्हणून उमगतो. ओपेथचा खरा शोध लागतो तो बहुतेकांना या क्षणी.

स्वीडनच का?

स्वीडनच्या संगीतातील उदासी तिथल्या काळोख्या हिवाळ्यातून आली, असे सरधोपटपणे सांगितले जाते. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम ६ तास दिवस असतो हे खरे. पण ज्या 'डेथ मेटल' शैलीतून ओपेथ घडले, तिचे एक मोठे केंद्र अमेरिकेतील फ्लॉरिडा हे होते, आणि तिथे उन्हाची मुळीच वाण नाही. केवळ हवामानाने संगीत घडत नाही.

परंपरेचा वाटा मात्र आहे. स्वीडिश लोकसंगीतात कोमल स्वरांच्या संथ चालींचा मोठा ठेवा आहे. पियानोवादक यान योहान्सन यांनी १९६४ च्या 'जॅझ पो स्वेन्स्का' या अल्बममध्ये त्यांतील काही चाली अगदी मोजक्या स्वरांत वाजवल्या आणि ते काम त्या देशात घरोघर पोहोचले. जड संगीतातही ओपेथच्या आधी आणि भोवती मोठी फळी उभी होती. संथ, शोकगंभीर शैलीचा 'कँडलमास'चा पहिला अल्बम १९८६ चा, तर करवतीसारख्या गिटार-आवाजासाठी गाजलेला 'एन्टूम्ड'चा 'लेफ्ट हँड पाथ' १९९० चा. गोथेनबर्गच्या 'अ‍ॅट द गेट्स', 'डार्क ट्रँक्विलिटी' आणि 'इन फ्लेम्स' यांनी सुरेल गिटारींची शैली रुजवली. स्टॉकहोमच्याच 'कॅटाटोनिया'ने निराशेला आणखी मृदू वाणी दिली. त्यांच्या १९९६ च्या 'ब्रेव्ह मर्डर डे'वर ग्राउल करण्यासाठी ओकरफेल्ट मित्र म्हणून गेले होते.

या सर्वांमागे एक सामाजिक व्यवस्थाही आहे. १९४० च्या दशकापासून स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा पसरत गेल्या आणि सामान्य घरांतल्या मुलांना अल्प खर्चात वाद्य हाती मिळू लागले. त्याहून जुनी परंपरा अभ्यासमंडळांची. १९०२ मध्ये ओस्कर ओल्सन यांनी मद्यपानविरोधी चळवळीत तिचा पाया घातला आणि १९१२ मध्ये कामगार चळवळीने स्वतःची शिक्षणसंस्था स्थापन केली. काही माणसांनी नियमाने एकत्र जमावे, पुस्तक वाचावे, चर्चा करावी आणि त्यासाठी खोलीची सोय संस्थेने करावी, अशी ही कल्पना. पुढे रॉक वाद्यवृंदही अभ्यासमंडळ म्हणून नोंदले जाऊ लागले आणि अनेकांना सरावाची खोली व सामग्री अशा संस्थांमार्फत मिळाली. सुमारे १ कोटी लोकवस्तीच्या देशातून जगभर ऐकले जाणारे इतके वाद्यवृंद कसे निघाले, याच्या उत्तराचा मोठा भाग या साध्या खोल्यांत आहे. अलीकडच्या वर्षांत या संस्थांच्या सरकारी अनुदानात कपात झाल्याने तिथे चिंता व्यक्त होते, ती याचसाठी.

कोठीतील खोल्या

अशा खोल्यांचे मोल कोठीला नव्याने सांगण्याची गरज नाही. निजामाच्या राजवटीत सार्वजनिक सभांवर निर्बंध होते आणि राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळात तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांनी आपापली भाषा जपली ती वाचनालयांच्या आश्रयाने. सुलतान बाजारात १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम स्थापन झाले. याच परिसरात हैदराबादच्या मराठी मंडळींनी आपले ग्रंथसंग्रहालय उभारले. वृत्तपत्र वाचायला आलेला माणूस तिथे वादविवाद ऐकून, नवा लेखक हाती घेऊन आणि दोन मित्र जोडून घरी जात असे.

स्टॉकहोममधील सरावाची खोली आणि कोठीतील वाचनालय यांत वरकरणी काहीच साम्य नाही. तरीही दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते. एकट्याला जे अवघड किंवा परके वाटते, ते सोबतीने समजू लागते. ओपेथसारखे संगीत कोणी तरी शेजारी बसून 'इथे थांब, आता पुढे ऐक' असे म्हटल्यावाचून क्वचितच उलगडते. पूर्वी हातोहात फिरणाऱ्या सीडीबरोबर तो माणूसही येत असे. आज तेच संगीत फोनवर क्षणात मिळते, पण सोबत मिळतेच असे नाही.

भारतातील श्रोते

ओपेथचे भारतातील श्रोते पुढे थेट मैफलींनाही जमू लागले. २००९ मध्ये चेन्नईच्या आयआयटीतील 'सारंग' महोत्सवात हा वाद्यवृंद वाजला. २०१९ मध्ये पुण्याच्या 'एनएच७ वीकेंडर' महोत्सवात तो प्रमुख आकर्षण होता. हैदराबादेतल्या श्रोत्यासाठी या दोन्ही जागा एका रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यातल्या.

हैदराबादनेही आता या संगीताला उत्तर दिले आहे. या शहराशी नाते असलेल्या 'गॉडलेस' या डेथ मेटल वाद्यवृंदाचे 'सेंच्युरीज ऑफ डेकडन्स' हे काम २०१६ मध्ये, 'स्वॉर्म' २०१८ मध्ये आणि 'स्टेट्स ऑफ केऑस' हा पूर्ण लांबीचा अल्बम २०२१ मध्ये आला. त्यांची शैली ओपेथपेक्षा अधिक उग्र आणि सरळ आहे.

कोणत्या क्रमाने ऐकावे

नवख्या श्रोत्याने 'डॅम्नेशन'पासून आरंभ करावा. त्यात कानाला बोचणारे काही नाही आणि ओकरफेल्ट यांच्या रचनेची चाल ध्यानी येते. त्यानंतर 'ब्लॅकवॉटर पार्क' घ्यावा. पहिल्या खेपेस ग्राउलचे शब्द समजून घेण्याचा अट्टहास न करता त्या आवाजाकडे एक तालवाद्य म्हणून पाहिले तर भीती ओसरते. मग 'स्टिल लाइफ'ची कथा समजून घेऊन तो अल्बम सलग ऐकावा. २००५ च्या 'घोस्ट रेव्हरीज'मध्ये पेर विबर्ग यांच्या कळफलकवाद्यांनी आलेली भव्यता अनुभवावी. 'मॉर्निंगराइज' सवय झाल्यावरच घ्यावा, कारण त्याची लांबी संयमाची परीक्षा पाहते.

२००८ च्या 'वॉटरशेड'नंतर ओपेथने वाट बदलली. २०११ च्या 'हेरिटेज'पासून ग्राउल बाजूला ठेवून त्यांनी १९७० च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉककडे मोर्चा वळवला. जुने चाहते दुरावले, नवे आले. २०१९ चा 'इन कावडा वेनेनम' त्यांनी स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत काढला. जगभर इंग्रजीत ऐकले जाणारे वाद्यवृंद तीन दशकांच्या वाटचालीनंतर मायबोलीकडे वळते, याचे अप्रूप लहान भाषांच्या भाषकांना अधिक वाटावे. २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ग्राउल परत आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील एका कुटुंबात वडिलांच्या मृत्युपत्राचे वाचन होते आणि घराण्याची गुपिते उघडी पडतात, असे त्याचे कथानक आहे.

घरातला श्रोता

या संगीताविषयी घराघरांत एक धास्ती असते. काळा सदरा, कानाला हेडफोन आणि बंद दार पाहून आईवडिलांना वाटते की मुलगा कुठल्या तरी अंधारात चालला आहे. ही काळजी थट्टेवारी नेण्याजोगी नाही. एकटे पडलेल्या तरुणाची विचारपूस व्हायलाच हवी, मग तो काहीही ऐकत असो. पण दाराआड वाजणारा तो आवाज हा बहुधा काळोखाचे कारण नसतो. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने आपल्या दुःखासाठी उसने घेतलेले ते शब्द असतात. शोक बोलून दाखवायला आपल्या समाजाने बायकांना ओव्या दिल्या, भक्तांना अभंग दिले. विशीतल्या मुलाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा 'रडू नकोस' एवढेच आले.

गोव्याला हे उमगणे अवघड जाऊ नये. मांडोच्या संथ लयीत विरहाचा सूर ऐकलेला, चर्चच्या शाळेत स्वरलिपी गिरवलेला आणि देवळातल्या भजनात पखवाजाच्या घुमाऱ्याने अंगावर काटा आलेला हा प्रदेश आहे. आवाजाचा भार आणि मनाचा भार यांचे नाते त्याला नवे नाही. तेव्हा दार ठोठावून 'हे काय लावले आहेस' असे विचारण्याऐवजी एखादे गाणे शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकले, तर कदाचित दहाव्या मिनिटाला, कल्लोळ शमून एकटी गिटार वाजू लागते त्या जागी, मुलगा आपण होऊन काही सांगू लागेल.